खुफूचं थडगं बास झालं, मेरेरची हजेरीवही काढा

मित्रांनो, खुफूचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. मेरेरचं ऐकलंय का?

मेरेर हा माझ्या धंद्यातला माणूस. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा मुकादम. हाताखाली सुमारे ४० माणसांची टोळी. नाईलच्या पूर्वेला तुरा म्हणून जागा आहे, तिथल्या खाणीतला पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नदीतनं आणि कालव्यातनं गिझाला आणायचा, उतरवायचा, रिकामी होडी घेऊन परत फिरायचं, की पुन्हा भरणी. खुफूच्या पिरॅमिडला बाहेरून जो गुळगुळीत पांढरा दगड लावला होता तो असा आला. कुठल्या दिवशी टोळी कुठं होती, काय भरलं, रात्रीचा मुक्काम कुठं पडला, याची रोजची नोंद व्हायची. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं २०१३ साली प्येर ताले या फ्रेंच संशोधकाच्या तुकडीला त्या नोंदीचे तुकडे सापडले. ही जागासुद्धा बंदरच. जगातलं आजवर कळलेलं सगळ्यात जुनं बंदर. होड्या सुट्या करून डोंगरातल्या भुयारात ठेवायच्या आणि गरज पडली की पुन्हा जोडायच्या, अशी तिथली पद्धत.

आणि आता नीट ऐका. लिहिलेला पपायरस म्हणून जगात जे सगळ्यात जुनं हाती आलंय ते हेच. कुठलं पवित्र स्तोत्र नाही, राजाची वंशावळ नाही. होडीवर राबणाऱ्या टोळीची नोंदवही! किती भाकरी आल्या, किती बियर आली, त्याचे हिशेब त्याच ढिगात. पोथीवाल्यांनी आपल्याला हजारो वर्षं सांगितलं की अक्षर हे देवाच्या तोंडून आलं. पपायरसचा ढीग सांगतोय की अक्षर मुकादमाच्या वहीत घाम पुसत बसलं होतं.

मी मुंबईत इंदिरा डॉकवर ठेकेदाराकडं आहे. गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. मॅट्रिक झालो, कविता करतो. मी पिरॅमिडवर बोलायला लागलो की आपल्यातलेच शिकलेले दोस्त दात काढतात. म्हणतात, तुझा काय संबंध? इजिप्त हा प्राध्यापकांचा आणि परदेशी सहली काढणाऱ्या पांढरपेशांचा विषय. उंटावर बसून फोटो काढायचा, गावात आल्यावर स्लाईड-शो करायचा. तर दोस्तांनो, पोलादाची कॉईल स्लिंगमध्ये अडकवताना कमरेचा कुठला मणका आधी बोलतो हे मला ठाऊक आहे. पुढं जे सांगणार आहे त्याला हे ज्ञान लागतं.

१९९० साली गिझाच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीतल्या भिंतीला अडखळला आणि मजुरांची थडगी सापडली. झाही हवास यांनी ती खणली. जवळच मार्क लेहनर यांनी मजुरांची वस्ती उकरली: भाकरीच्या भट्ट्या, भाकरी भाजायची मातीची भांडी, माशांचे काटे, गुराढोरांची नि शेळ्या-मेंढ्यांची हाडं. थडग्यांतले सांगाडे तपासले तर पाठीचे मणके आणि गुडघे झिजलेले. बायांचेसुद्धा. हातापायाची हाडं मोडलेली, पण नीट बसवून जुळलेली. कुणाचा पाय कापलेला आणि कापल्यावरही माणूस जगलेला. म्हणजे पडलेल्याला बांधणारा कुणीतरी तिथं होता. आमच्याकडं माणूस हॅचमध्ये पडला तर आधी गेटपास कुणाच्या नावाचा ते बघतात.

तेव्हा आता आपल्या सभांमधली एक टाळीची गोष्ट मोडीत काढायची वेळ आली आहे. आपला वक्ता माईक धरतो आणि ओरडतो, पिरॅमिड गुलामांनी बांधले, चाबकाखाली बांधले, ते गुलाम म्हणजे आपले भाऊ! टाळ्या पडतात. पण पुरावा तसं बोलत नाही. गुलामाला कुणी राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत थडगं बांधून देत नाही. हेरोडोटसनं एक लाख माणसं सांगितली होती, आजचे अभ्यासक वीस-तीस हजारांच्या आसपास येतात. ही माणसं गावागावातून पाळीनं आणलेली होती, त्यांच्या टोळ्यांना नावं होती. दगडावर त्यांनी गेरूनं नावं लिहून ठेवलीत. एका टोळीचं नाव खुफूचे दोस्त. एकीचं मेनकौरेचे बेवडे. आमच्या डॉकवरची पोरं असलीच नावं ठेवतात. ती वाचून मला पहिल्यांदा पिरॅमिड खरा वाटला.

मग काय, सगळं सुखात होतं? तेही नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीहून घातक आहे. हे मजूर हौसेनं राबले, देशासाठी राबले, राजा म्हणजे देव म्हणून भक्तीनं राबले, असं सांगणारेही आहेत आणि सरकारांना ती गोष्ट फार आवडते. सहलीचं तिकीट चांगलं खपतं. अरे, झिजलेला मणका भक्तीचा पुरावा कसा होईल? पाळी लागली की जावंच लागायचं, त्याला आपल्याकडं वेठ म्हणतात. पोटाला भाकर मिळाली म्हणून वेठ संपत नाही. निजामाच्या राज्यात आमच्या आज्या-पणज्यांनी वेठबिगार केली, तिथंही भाकरतुकडा मिळायचाच. इजिप्तचा शेतकरी तर १९ व्या शतकातही सुटला नाही: सुएझ कालवा १८५९ ते १८६९ या काळात खणला, त्यातली पहिली काही वर्षं तो वेठीच्या माणसांनीच खणला. माझ्या डॉकवर लागणारी युरोपची बोट त्याच कालव्यातून येते.

म्हणजे गुलाम हा शब्दही खोटा आणि सेवक हा शब्दही खोटा. खरा शब्द शोधायचा तर हजेरीवही वाचावी लागेल.

इजिप्तनं ती वाचायला घेतली, म्हणून तिथला इतिहास बदलला. नाईलच्या पश्चिम काठाला देर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथं खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेले हजारो हिशेब सापडले. एक कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाची, साधारण ३२५० वर्षांपूर्वीची. तिच्यावर ४० कामगारांचे खाडे आणि खाड्याची कारणं लिहिलीत. याला विंचू चावला. याचे डोळे आले. याच्या घरी बियर गाळायची होती. याची माय मेली, तिला कापडात गुंडाळायचं होतं. याच्या बायकोची पाळी आली होती. अहो, काय माणसं होती! आमच्या ठेकेदाराच्या वहीत खाड्याला कारण लिहायची रीतच नाही. एक फुली, आणि रोज बुडाला.

त्याच गावातला पहिला लेखी संप. पगार धान्यात मिळायचा, तो थकला. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, कारागिरांनी काम टाकलं, चौक्या ओलांडल्या आणि एका देवळामागं जाऊन बसकण मारली. उपाशी आहोत, तहानलेले आहोत, अंगाला कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, वरच्याला कळवा, असं त्यांचं म्हणणं एका कारकुनानं टिपून ठेवलं. तो कागद आज इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. शेवटी धान्य मिळालं. परत थकलं, परत बसले.

यातलं काही तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याहून जुनं, काही त्याच्या थोडं नंतरचं. १९२२ साली तो मुखवटा हाती लागायच्या मार्गावर आला तेव्हा जगभर बोंब झाली. खापरावरच्या खाड्याची बोंब कुणी केली नाही. आणि खणणाऱ्या हातांची तर नाहीच. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रजानं १८९० च्या दशकात कुफ्त गावच्या मजुरांना तयार केलं. थर ओळखणं, माती नुसत्या हाताच्या स्पर्शानं वाचणं, ही त्यांची विद्या. त्यांच्या मुलानातवंडांनी पुढं कितीतरी उत्खननं केली. पुस्तकावर नाव साहेबाचं.

आता परभणीला या.

आमच्या जिल्ह्यात म्हातारं काय काय आहे? जिंतूर तालुक्यात चारठाण्याची देवळं, वालूरची चक्राकार बारव, गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर. दगडावर दगड, चुना न लावता. अलीकडं बारवांतला गाळ काढायची चळवळ झाली, पायऱ्यांवर दिवे लागले, फोटो छापून आले. चांगलं झालं. बारव गाळानं मरावी असं मी कशाला म्हणीन? पण त्या शेकडो दिव्यांत एक प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही: या पायऱ्यांवरून खाली कोण उतरायचं आणि वर ओंजळ धरून कोण उभं राहायचं? पाण्याच्या इतिहासातला तो पहिला प्रश्न आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा तो सगळ्या देशाला विचारून झालाय. वारसावाल्यांच्या कानात अजून शिरत नाही.

आणि या बांधकामाला म्हणतात काय? हेमाडपंती. यादवांचा मंत्री हेमाद्री. त्यानं दगड घडवला नाही. त्यानं चतुर्वर्गचिंतामणी लिहिला: व्रतं कुठली करायची, दान कुणाला द्यायचं, श्राद्ध कसं घालायचं. अशा माणसाचं नाव मराठवाड्याच्या प्रत्येक जुन्या दगडाला चिकटलं. छिन्नी मारणाऱ्याचं नाव कुठाय? गिझाच्या मजुरानं निदान गेरूनं बेवड्यांची टोळी म्हणून सही तरी केली. आमच्यात सही करायचीच चोरी होती. अक्षर शिकायची बंदी असलेल्या माणसाचा खापरावर हिशेब कसा सापडणार?

इथं मला इजिप्तमधला आणि आपल्यातला फरक दिसतो, आणि तो सभेतल्या भाषणापेक्षा भयंकर आहे. तिथला मजूर मेल्यावर राजाच्या पिरॅमिडजवळ पुरला गेला. आपल्याकडं मेल्यावरसुद्धा मसणवटा वेगळा. २० व्या शतकातली गोष्ट नाही, आजही कितीतरी गावांत आपलं मढं अडवतात. मात्र तिथंही विटाळ नव्हता असं समजू नका. दिओदोरस नावाचा ग्रीक इ.स.पू. पहिल्या शतकात लिहितो की ममी करताना मढ्याच्या कुशीला पहिला चिरा देणारा माणूस चिरा दिला की पळत सुटायचा, आणि बाकीचे त्याच्यावर दगड मारत मागं धावायचे. काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं आणि दगडही त्यालाच. मेलेलं ढोर ओढायला लावून वर त्याच ओढणाऱ्याला बाटगं म्हणणाऱ्या गावात आपण वाढलो. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

मग पुरातत्त्वानं काय करावं? सांगतो. मराठवाड्यात जुन्या गावठाणाच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षं मातीची घरं पडली, त्यावर नवी उठली, राख साचली, शेण साचलं, आणि माती पांढुरकी झाली. माझी आज्जी पाटलाच्या माळवदावर टाकायला ही माती टोपल्यांनी वाहायची. तिच्या टोपलीत खापरं यायची, मणी यायचे, कधी हाडूक यायचं. इजिप्तमध्येही शेतकरी जुन्या टेकाडांची माती खत म्हणून उकरायचे, तिला सबाख म्हणतात. १८८७ साली अमार्ना इथं असंच उकरताना मातीच्या पाट्या सापडल्या आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाराजांचा सगळा पत्रव्यवहार बाहेर आला. माती वाहणाऱ्याच्या टोपलीत इतिहास असतो. फक्त टोपली कुणाच्या डोक्यावर आहे ते बघून जग ठरवतं की त्याला इतिहास म्हणायचं का कचरा.

पांढरी खणतात तेव्हा मधोमध खणतात. वाडा, देऊळ, नाणी, ताम्रपट. गावकुसाबाहेर चर टाकायचं कुणाच्या मनात येत नाही. का येऊ नये? पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं होती. त्यांनी अख्खं गाव उकललं, म्हणून कळलं की तीन हजार वर्षांपूर्वी तिथं धान्याच्या कोठाराशेजारी गावच्या मुख्याचं घर होतं, बरे शेतकरी मधल्या भागात होते आणि कुंभार, सोनार, मणी करणारे असले कारागीर पश्चिमेच्या कडेला. याला लगेच जात म्हणू नका. कडेला राहणं आणि विटाळ यात मोठं अंतर आहे. पण ते अंतर कधी पडलं, कुठल्या थरात पडलं, हाच तर आपला प्रश्न आहे! गावाला कूस कधी आलं? मांसाची हाडं वेगळी कधी पडायला लागली? पाण्याची जागा वेगळी कधी झाली? भांडी वेगळी कधी झाली? हे पोथी सांगणार नाही, पोथी ज्यानं लिहिली त्याला ते लपवायचं होतं. माती सांगेल. मातीला जानवं नसतं.

आता आपल्यातल्या दुसऱ्या टोळीला एक शब्द. काही दोस्त म्हणतात, फेरो काळे होते, म्हणून ते आपले. आपण मूळचे राजे होतो, कटानं खाली आलो. मला कळतं हे कुठून येतं. लाथ खाल्लेल्या माणसाला मुकुटाचं स्वप्न पडतंच. पण काय करायचाय तो मुकुट? राजाचा वंश शोधायला गेलो की आपण ब्राह्मणाच्याच खेळात उतरलो: थोरपण रक्तातून येतं, हे त्याचंच म्हणणं. मला खुफू पूर्वज म्हणून नकोय. मेरेर चालेल. विंचू चावला म्हणून खाडा करणारा चालेल. देवळामागं बसकण मारणारा तर सख्खा भाऊ.

आणि नातं जोडायचंच तर खरी नाती पुष्कळ आहेत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात मार्च २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिराजवळ संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. एप्रिल २०२३ मध्ये इजिप्त सरकारनं ते जाहीर केलं. त्याच बंदरात साडेसात किलो काळी मिरी भरलेली भारतीय रांजण सापडली, सागवानाची जुनी लाकडं सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रीक खलाशी-पुस्तक सांगतं की पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. ही गाडी कुणी भरली? ते मिरीचं ओझं कुणाच्या पाठीवरून होडीत चढलं? आपल्या गोदावरीचा माल नाईलपर्यंत गेला तो हमालाच्या खांद्यावरून गेला, आणि त्याच वाटेनं बुद्धही गेला.

शेवटी काचेच्या पेटीबद्दल बोलतो, मग थांबतो. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला उतरलं की हैदराबादच्या बाग-ए-आममधलं म्युझियम जवळ. तिथं नैशू नावाची इजिप्तची ममी आहे. विशीच्याही आतली पोरगी. सहाव्या निजामाच्या जावयानं विकत आणली, सातव्या निजामाकडं आली, त्यानं १९३० च्या सुमारास म्युझियमला दिली. तेव्हा परभणी निजामाच्याच राज्यात होती. आमचा पणजा वेठीला जात होता आणि राज्याच्या राजधानीत दोन हजार वर्षांच्या मढ्याला जपायची सोय होत होती. २०१६ साली तिचं सीटी स्कॅन झालं आणि तिला ऑक्सिजन काढून टाकलेल्या पेटीत ठेवलं, म्हणजे कीड लागू नये. ही पेटी मुळात अमेरिकेतल्या गेटी संस्थेनं कैरोतल्या राजांच्या ममींसाठी बनवली. तसल्याच पेटीत दिल्लीला संसदेच्या ग्रंथालयात भारताच्या संविधानाची मूळ प्रत ठेवलेली आहे.

आणि परभणीत? १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली. माणसं रस्त्यावर आली, धरपकड झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. वकिली शिकत होता. जातीनं वडार, दगडाचं काम करणाऱ्यांच्या घरातला. मढ्याला, कागदाला सडू न देण्याचं शास्त्र या देशाला येतं, मित्रांनो. जित्या माणसाला कोठडीत जपायचं अजून जमत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. परभणी जिल्ह्यात जिथं जिथं पांढरी खणाल तिथं एक चर महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या, वडारवाड्याच्या जागेवर टाका. खणणाऱ्या मजुराचं नाव अहवालात छापा. बारवेच्या पाटीवर बांधणाऱ्या राजाबरोबर पाणी नाकारलेल्यांचाही उल्लेख करा.

आणि आपण काय करायचं? स्वतः कुदळ मारायची नाही. थर एकदा उकरला की संपला, खापर जागेवरून हललं की मुकं झालं. गुप्तधनाच्या नादानं टेकाडं फोडणाऱ्यांना आणि जेसीबी लावणाऱ्यांना आधी अडवा. मग वही घ्या. आपला आजा गावची शीव दाखवायचा, शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष घेतली जायची. ते ठाऊक असलेली शेवटची म्हातारी माणसं अजून बाजेवर पडून आहेत. जुना वाडा कुठं होता, पाणी कुठून आणायचे, मढं कुठल्या वाटेनं न्यायचे, ढोरं कुठं फाडायचे, कुठल्या साली कुणी वस्ती हलवली, सगळं लिहून घ्या. नाव, दिवस, जागा. मेरेरच्या वहीसारखं कोरडं लिहा, कविता नंतर करू.

या दिवाळीच्या सुट्टीत मी गंगाखेड तालुक्यातल्या १० वाड्यांपासून सुरुवात करतोय. पाळी बुडेल, बुडू दे. सेलू, पाथरी, मानवत, पालम, सोनपेठ, पूर्णा, जिंतूरला कोण जातंय ते कळवा.

जय भीम.